सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव थाऱ्यावर नाही: ही लपलेली चिंता म्हणायची का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय ४६. घरची कपाशी धाकटा भाऊ पाहतो आणि मुलगी पुण्यात शिकते. हे सगळे लिहायला निमित्त झाली ती माझी दाढ.

दोन महिन्यांपूर्वी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली, म्हणून दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि किडीविषयी चकार शब्द न काढता विचारले, "सर, तुम्ही झोपेत दात खाता का?" मी हसण्यावारी नेले. घरी आल्यावर पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली की वर्षभरापासून रात्री जात्यावर दळल्यासारखा आवाज येतो, पण दमून झोपलेल्या माणसाला काय उठवायचे म्हणून ती गप्प राहिली. दंतवैद्यांनी दाढेचे कंगोरे झिजून सपाट झालेले मला आरशात दाखवले, रात्री दातांवर बसवायची पट्टी करून दिली आणि "डोक्याला कसला ताण आहे का, तेही एकदा पाहा" असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

त्यानंतर मी मागच्या दोन वर्षांचा हिशेब मांडला. रोज सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी घेतो, पण एंडोस्कोपीत काहीही निघाले नाही. छातीत धडधडते म्हणून दोनदा ईसीजी आणि एकदा टूडी इको काढला, तोही व्यवस्थित आला. मान आणि खांदे संध्याकाळपर्यंत लाकडासारखे होतात. उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज मी तीन वेळा करतो आणि गठ्ठा बांधल्यावर पुन्हा सोडतो. शाळेला कुलूप लावण्याचे काम शिपायाचे असूनही मी अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ते ओढून पाहिले आहे. मुलीने फोन उचलला नाही, तर दहाव्या मिनिटाला माझ्या मनात अपघात, रुग्णालय आणि तेथपर्यंत पोहोचायला कोणती गाडी मिळेल, इथपर्यंतचा प्रवास झालेला असतो. गंमत म्हणजे याच सवयींमुळे गावात माझे नाव आहे. "सरांचे काम चोख" असे म्हणून मुख्याध्यापक निकालाचे सगळे काम माझ्याच टेबलावर ठेवतात. फक्त माझी आत्या मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जेवताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, तुना जीव थाऱ्यावर नही."

मी कधी रडलो नाही, कामावरची एकही रजा या कारणाने घेतली नाही, आणि चारचौघांत हसतखेळत असतो. मग हा स्वभाव समजायचा की आजार? दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची तयारी आहे, परंतु आमच्यासारख्या गावात माणूस दवाखान्याची पायरी उतरायच्या आत बातमी घरी पोहोचते.

धुळ्याची समुपदेशक

सर, आपण मांडलेला हिशेब इतका नेमका आहे की माझे अर्धे काम झाले आहे. येथून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण फरक कसा ओळखायचा, एवढे सांगू शकते.

लपलेली चिंता असा स्वतंत्र आजार वैद्यकीय पुस्तकात नाही. ज्या चिंतेने माणसाचे काम अडत नाही, उलट काम अधिक नीटनेटके होते, तिला लोक हे नाव देतात. ती रडत येत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी पोटाचे, हृदयाचे आणि मानेचे डॉक्टर करून आलेले असतात, आणि यात त्यांची चूक नसते. धोका समोर दिसला की शरीर ॲड्रिनलिन सोडते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात आणि पचन मागे पडते. ही व्यवस्था बैल अंगावर आला तर पळता यावे यासाठी आहे. बैल नसतानाही ती दिवसभर चालू राहिली, की त्याच गोष्टींना आपण धडधड, मानदुखी आणि पित्त म्हणतो. दात खाणे हे त्याच आवळण्याचे रात्रीचे रूप असू शकते. मात्र दात खाण्याला घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार, तसेच काही औषधे, अशीही कारणे असतात. त्यामुळे आपण घोरता का, हेही पत्नीला विचारा.

आजार केव्हा म्हणायचे? सर्वसाधारण चिंताविकाराचा निकष असा आहे की, निदान सहा महिने, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या विषयांची अति काळजी असावी आणि ती आवरता येऊ नये. तिच्या जोडीला अस्वस्थता, लवकर थकणे, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेची तक्रार या सहांपैकी किमान तीन गोष्टी असाव्यात, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात त्रास व्हावा. स्वभावाने काळजी करणाऱ्या माणसाची काळजी कारण मिटले की मिटते. विकारात एक कारण मिटले की ती जागा रिकामी राहत नाही, लगेच दुसरे येऊन बसते. आपली मुलगी फोनवर बोलली की आपल्याला किती वेळ बरे वाटते, हे घड्याळ लावून पाहा.

२००६ साली प्रसिद्ध झालेली सात प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. २१ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर तज्ज्ञांना भेटावे. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्या आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण थायरॉइड वाढला तरी हात कापतात आणि छाती धडधडते. चहा, तंबाखू आणि संध्याकाळचा पेला यांचाही खरा आकडा डॉक्टरांना सांगा. दारूने रात्री जीव शांत झाल्यासारखा वाटतो आणि तिचा अंमल उतरताना पहाटे धडधड वाढते, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता कुलपाविषयी, कारण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण परत जाऊन कुलूप ओढता, ते लागलेले असते आणि हायसे वाटते. त्या क्षणी मन असे शिकत नाही की कुलूप लागलेलेच असते, ते असे शिकते की मी पाहिले म्हणून निभावले. पुढच्या वेळी ते अधिक जोराने परत पाठवते. तिसऱ्यांदा केलेली बेरीज आणि लागोपाठ केलेले फोन हा याच गाड्याचा फेरा आहे. म्हणून उपाय कुलपाची खात्री करून घेण्यात नाही, खात्री न करता थोडा वेळ राहून पाहण्यात आहे. पहिल्या आठवड्यात परत जायचे ते दहा मिनिटे थांबून, दुसऱ्या आठवड्यात वीस. बेरीज दोनदाच करायची आणि गठ्ठा सहकाऱ्याच्या हाती द्यायचा. सुरुवातीला जीव वरखाली होईल, काही वेळाने ती लाट आपोआप ओसरेल, आणि ओसरते हे शरीराने स्वतः अनुभवणे हाच उपचाराचा गाभा आहे. अर्थात, पाहिल्याशिवाय पाऊलच उचलत नसेल किंवा ठरावीक आकड्यानेच ओढून पाहावे लागत असेल, तर तो वेगळा विकार असू शकतो आणि तो तज्ज्ञांनीच पाहायला हवा.

आपल्या भाषेत काळजी घेणे आणि काळजी करणे हे एकाच शब्दाचे दोन संसार आहेत. घेण्याला हात लागतात आणि ते काम संपते. करण्याला हात लागत नाहीत आणि ते संपत नाही. दिवसभरात आपण यांतले कोणते करत आहोत, एवढा प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी खूप उपयोग होतो.

बातमी पसरण्याच्या भीतीविषयी सांगायचे तर, टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आपली माहिती गोपनीय ठेवली जाणे हा आपला हक्क आहे. आणि जगणे नकोसे वाटते असा विचार कधी मनात आला, तर यातले काहीही करून पाहत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कांदेबाग

सर, मी रावेर तालुक्यातला केळीवाला. ताईंनी सांगितलेला कुलपाचा फेरा माझ्याकडे मोटारीच्या रूपाने होता.

शेतीची वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला मी दीड वाजता उठून विहिरीवर जायचो, स्टार्टरवर हात ठेवायचो, ठिबकच्या फिल्टरजवळ उभा राहायचो आणि घरी येऊन छताकडे बघत पडायचो. नंतर मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवला. वाटले, आता झोप लागेल. झाले उलटेच. आधी रात्रीतून एकदा उठायचो, आता अंथरुणात पडल्यापडल्या दहा वेळा मोबाईल बघू लागलो. जोडीला हवामानाची तीन ॲप आणि केळीच्या भावाचे पाच ग्रुप होते. मे-जूनमध्ये घड भरलेले असताना वादळ आले, तर पंधरा मिनिटांत बाग आडवी होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यामुळे माझी काळजी खोटी होती असे कोणी म्हणू नये. मी ताईंशी एवढ्यापुरता थोडा असहमत आहे की, शाळेचे कुलूप लागलेलेच असते, पण वादळ खरोखर येते.

तरीही मला फायदा कशाने झाला ते सांगतो. जळगावच्या डॉक्टरांनी मला एक वही करायला सांगितली. संध्याकाळी सहा ते साडेसहा ही काळजीची वेळ ठरवली. दिवसा मनात काही आले की वहीत एक ओळ लिहायची आणि "सहाला बघू" म्हणून पुढच्या कामाला लागायचे. सहा वाजता खळ्यात खाट टाकून त्या ओळी वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचे की हे माझ्या हातात आहे की नाही. घडांना बांबूचा आणि दोरीचा आधार देणे, पीकविम्याचा हप्ता वेळेत भरणे आणि वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावणे हे हातात होते, म्हणून ते करून टाकले. वारा हातात नव्हता. पहिल्या दिवशी वहीत सतरा ओळी होत्या आणि सहा वाजता त्यांतल्या अकरा वाचून माझेच मला हसू आले. डॉक्टर म्हणाले की ही युक्ती त्यांची नाही, बॉर्कोव्हेक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली ती तपासून मांडली आहे. मला त्या नावाशी काही देणेघेणे नव्हते, पण पद्धत लागू पडली. एक अट मात्र आहे: ही वेळ झोपण्याच्या तोंडावर ठेवायची नाही.

हवामान आता सकाळ-संध्याकाळ बघतो. भावाचे ग्रुप बंद करून ठेवले आहेत. बाग विकायची असते तेव्हाच उघडतो. दिवसाचे नऊ चहा होते, ते तीनवर आणले आणि दुपारी चारनंतर घेत नाही.

गोमाईकाठची

बोरीकाठ सरांचे काम चोख आहे म्हणून निदान त्यांचे नाव तरी होते. आम्हा बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट "संसाराला लागलेली आहे" एवढ्या वाक्यात बुडून जाते. मी शहाद्याजवळच्या गावात राहते, एकत्र कुटुंब आहे. आमच्याकडे कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचे, रोट असतात तेव्हा सव्वाच्या मापाने गहू निवडण्यापासून सगळे भाऊबंद जेवून जाईपर्यंत घरात उसंत नसते. त्या दिवसांत मी सर्वांत शांत असते, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडावी लागली. हात रिकामे झाले की घशात आवंढा अडकल्यासारखे व्हायचे, म्हणून मी हात रिकामे होऊच देत नव्हते. रात्री अकराला पुसलेला ओटा साडेअकराला पुन्हा पुसायचा, डब्यांवरची धूळ नसताना डबे उतरवायचे, आणि कोणी "बस ना दोन मिनिटं" म्हटले की राग यायचा. तो राग होता असे मला वाटायचे. ती भीती होती.

मी जी चूक केली ती मात्र कोणी करू नये. झोप येत नाही म्हणून शेजारणीने तिच्यासाठी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी मला दिली. पहिल्या रात्री स्वर्ग वाटला. पुढे औषधाच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय पाकिटेच मिळू लागली. आठ महिन्यांत अर्धीची दीड झाली, आणि एकदा माहेरी गेले असताना गोळ्या घरी राहिल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हातपाय इतके कापले की भावाने गाडी करून रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले की या जातीच्या गोळ्यांची सवय लागते आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केल्या, तर झटकेही येऊ शकतात. त्यांनी ती तीन महिन्यांत पायरी-पायरीने उतरवली. दुसरी गोळी सुरू केली, तिची तशी सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ होऊ शकते, असे आधीच बजावले. ते बजावले नसते, तर मी पाचव्या दिवशी ती केरात टाकली असती.

श्वासाचेही सांगते, कारण ते चुलीपुढेसुद्धा करता येते. चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असे पाच मिनिटे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. मी भाकरी थापताना करते. पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत मोजणी विसरते, दुसरीला पुन्हा सुरू करते.

जुना गडी

सर्वांचे वाचले. माझे वय ७१. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली, तेव्हा कोणाला चिंताविकार झाला नाही. रिकामे मन आणि हातातला मोबाईल, यांतून हे आजार निघतात. रोज पाच किलोमीटर चाला, सगळे जाईल.

धुळ्याची समुपदेशक

आबा, चालण्याचा सल्ला अगदी योग्य आहे, नियमित व्यायामाने चिंता कमी होते आणि मीही तो देते. पण तेव्हा कोणाला काही झाले नाही, याविषयी आपल्याशी बोलायचे आहे. त्या काळी गावात अंगात येणाऱ्या बाया होत्या, वर्षानुवर्षे छाती चोळत ओसरीवर बसणारे म्हातारे होते आणि "याला घोर लागला" म्हणून सोडून दिलेली माणसे होती. घोर हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. नाव होते, उपचार नव्हते. आणि येथे लिहिणाऱ्या तिघांपैकी एकाचेही मन रिकामे दिसत नाही.

कांदेबाग भाऊंची हरकत मला मान्य आहे. खऱ्या धोक्याची काळजी हा विकार नसतो. आधाराचे बांबू लावून झाल्यावरही रात्री दीडला डोळा उघडतो तो भाग तेवढा आपण उपचारासाठी घेतो.

बोरीकाठ

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. त्या सात प्रश्नांत माझे १३ गुण आले. थायरॉइड व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिनही. १४४१६ वर फोन करण्यासाठी मी शाळेच्या प्रयोगशाळेची कडी आतून लावली होती, हे सांगायला हरकत नाही. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटे ऐकून घेतले आणि धुळ्याला जाण्यास सुचवले. आता दर दुसऱ्या शनिवारी जातो. घरी पत्नीला माहीत आहे, भावाला अद्याप सांगितलेले नाही. गोळी सध्या नको, आधी बोलण्याचे उपचार करून पाहू, असे डॉक्टरांनी ठरवले आहे.

कुलूप सुटले. पहिल्या दिवशी दहा मिनिटे बोरीच्या पुलावर सायकल धरून उभा होतो आणि ओळखीचे तीन जण "सर, कोणाची वाट पाहता?" म्हणून विचारून गेले. बेरजेचे तितके सोपे नाही. दोनदाच करतो, पण गठ्ठा सहकाऱ्याच्या हाती दिल्यावर तळहाताला घाम येतो. दाढेच्या पट्टीवर घासल्याच्या खुणा अजून उमटतात, मात्र पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे आवाज रोज येत नाही.

एक नवीन गोष्ट समोर आली आहे. मुलीला रोज तीन फोन करण्याऐवजी रात्री नऊचा एकच, असे आम्ही ठरवले. चौथ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. आवाज घाबरलेला होता. "बाबा, सकाळपासून तुमचा फोन नाही, तुम्हाला काही झालं का?" मी बरा आहे म्हटल्यावर ती थांबली आणि हळूच म्हणाली की परीक्षेच्या दिवशी ती हॉलतिकीट पिशवीत आहे का, हे बसमध्ये सात-आठ वेळा पाहते. ताई, ती दिवाळीला येणार आहे. हा विषय तिच्याशी मीच काढावा का, की पुढच्या शनिवारी आधी डॉक्टरांना विचारू?

धुळ्याची समुपदेशक

डॉक्टरांना अवश्य विचारा. पण दिवाळीची वाट पाहू नका. आज रात्री नऊला तिला कुलपाची आणि पुलावरची गोष्ट सांगा.